दरवर्षी गळणारी गच्ची: कोटिंगचा डबा उघडण्याआधी कुठे बघायचं

मे महिन्यात गच्चीवर दोन हात कोटिंग मारलं, जूनचे पहिले पंधरा दिवस बरे गेले आणि जुलैत पुन्हा त्याच कोपऱ्याखाली बादली ठेवावी लागली. हे चक्र तीन-चार वर्षं चालू असेल, तर दोष बहुधा कोटिंगचा नाही. पाणी जिथून शिरतं ती जागाच कोटिंगखाली आलेली नसते. मोकळ्या सपाट भागातून गळणाऱ्या गच्च्या त्या मानाने कमी. गळती होते ती कडांना, पाइपांच्या तोंडाशी, बोल्टच्या भोकांत आणि कुंड्यांच्या बुडाखाली. खिशात पैसे कमी असतील तर पूर्ण गच्ची रंगवण्याच्या फंदात न पडता आधी या जागा दुरुस्त करायच्या. पाचशे चौरस फुटांच्या गच्चीला त्यासाठी लागतं ते एक गोणी सिमेंट, पाच-सहा लिटर एसबीआर लेटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं दुधासारखं रबरी द्रव), वाळू आणि एखाददुसरी सीलंटची नळी.

वीस-तीस वर्षांपूर्वीच्या घरांत गच्चीची रचना साधारण सारखीच असते. खाली चार-पाच इंचांचा स्लॅब, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर घोटलेलं सिमेंट किंवा चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. कोब्यातल्या विटा स्पंजासारखं पाणी धरतात. म्हणून पाणी शिरतं एकीकडे, कोब्यातून आठ-दहा फूट सरकतं आणि स्लॅबला जिथे बारीक भेग सापडेल तिथे ठिबकतं. छतावरचा डाग बघून बरोबर त्याच्या डोक्यावर छिन्नी चालवणारा गवंडी दरवर्षी चांगली जागा फोडतो आणि वाईट जागा तशीच सोडतो.

खालून काय कळतं

पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने ठिबकायला लागतं, ते घड्याळ लावून दोन-तीनदा लिहून ठेवा. यासारखी फुकटची तपासणी दुसरी नाही. पाव-अर्ध्या तासात थेंब पडायला लागला तर वाट सरळ आणि मोकळी आहे: पाइपाचा सांधा, बोल्टचं भोक किंवा आरपार भेग. सहा-आठ तासांनी सुरू होऊन पाऊस थांबल्यावरही दिवसभर ठिबकत राहिलं, तर कोबा भिजून भरला आहे आणि आता हळूहळू रिकामा होतोय. अशा वेळी पाणी शिरण्याची जागा दूरही असू शकते. फेब्रुवारी-मार्चमध्येही ओल जात नसेल तर पावसाला दोष देऊ नका. टाकी, नळाची लाइन किंवा रोज पाणी घातल्या जाणाऱ्या कुंड्या बघा.

डाग कसा आहे तेही पाहा. पिवळसर-तपकिरी कडा असलेलं वर्तुळ म्हणजे पाणी येतं आणि वाळतं. पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, दिसला तर सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर उतरताहेत आणि ही वाट जुनी आहे. सरळ रेषेत गंजाच्या रंगाचा ओघळ दिसला, किंवा हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर प्लास्टर पोकळ वाजलं, तर आत सळया गंजायला लागल्या आहेत. तिथे घरगुती दुरुस्ती थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्या भेगेवर वरून कितीही माल भरला तरी गंज थांबत नाही. गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते.

कोकणात आणि मुंबईत एक फसवी ओल असते. पावसाळ्यात हवा इतकी दमट होते की बंद खोलीच्या थंड भिंतीवर घाम धरतो. दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून डागावर डकवा आणि दिवसभर ठेवा. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आले तर ती हवेतली ओल, खिडकी उघडी ठेवा आणि पंखा लावा. भिंतीकडच्या बाजूला आले तर गळती.

पाइपाचं तोंड: सगळ्यात आधी हे

पावसाचं पाणी उतरवणारा पीव्हीसी पाइप कोब्यात आणि स्लॅबमध्ये सिमेंटने बसवलेला असतो. पीव्हीसीला सिमेंट धरत नाही. शिवाय उन्हाने पीव्हीसी काँक्रीटच्या पाच-सहा पट प्रसरण पावतं. एप्रिल-मेच्या दुपारी पाइप वाढतो, रात्री आकसतो आणि भोवती केसाएवढी फट पडते. गच्चीचं सगळं पाणी उताराने येऊन नेमकं याच फटीवर जमतं. वरून ब्रशने मारलेलं कोटिंग या फटीवर पुलासारखं ताणलेलं राहतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिथे तडकतं.

दुरुस्ती अशी. पाइपाभोवती एक इंच रुंद, दीड इंच खोल गोल चर काढा. हातोडी हलकी वापरा, पाइप तडकला तर काम दुप्पट होतं. उघडा पडलेला पाइप पॉलिश पेपरने खरवडा, त्यावर पीव्हीसी जोडायचं सोल्युशन लावा आणि ते ओलं असतानाच कोरडी, चाळलेली वाळू दाबून चिकटवा. तासाभराने पाइपाचं अंग खरखरीत झालेलं असेल. आता सिमेंटला धरायला जागा मिळाली. हे न करता नुसता माल भरला तर पुढच्या वर्षी फट तयारच. चर ब्रशने आणि पाण्याने धुवा. पाणी साचू देऊ नका, पृष्ठभाग फक्त ओलसर हवा. एक किलो एसबीआरला दीड किलो सिमेंट या प्रमाणात रबडी करून आत लावा (डब्यावर प्रमाण वेगळं दिलं असेल तर ते पाळा) आणि ती चिकट असतानाच माल भरा. माल म्हणजे एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली वाळू आणि सिमेंटच्या वजनाच्या दहा टक्के एसबीआर. चार इंची पाइपाच्या एका तोंडाला किलोभर माल पुरतो. माल भरताना पाइपाला लागून पाव इंचाची खाच मोकळी ठेवा. दोन-तीन दिवसांनी ती पूर्ण कोरडी झाली की पॉलियुरेथेन सीलंटने भरा. हे सीलंट रबरासारखं ताणलं जातं, त्यामुळे पाइप हलला तरी फट उघडत नाही. बाथरूमच्या फरशीला लावतात ते स्वस्त सिलिकॉन इथे नको. सिमेंटवर ते सालासारखं सुटून येतं.

तोंडाभोवतीचा दीड फूट भाग बाकी गच्चीपेक्षा किमान एक सेंटिमीटर खाली हवा. जुन्या कोब्यावर नवा थर टाकलेल्या घरांत उलट झालेलं दिसतं. तोंड वर राहतं आणि भोवती थाळीएवढं डबकं साचतं. पावसानंतर तासाभराने गच्चीवर जा आणि जिथे पाणी उभं असेल तिथे खडूने रेघ मारा. उतार शंभराला एक तरी हवा, म्हणजे दहा फुटांत सव्वा इंच.

पाइप पुरेसा आहे का, तेही एकदा बघा. ताशी १०० मिलिमीटर पावसाला चार इंची पाइप साधारण ४० चौरस मीटर, म्हणजे सव्वाचारशे चौरस फूट गच्चीचं पाणी उतरवतो. तीन इंची पाइप त्याच्या निम्मंच. आठशे फुटांच्या गच्चीला तीन इंची एकच पाइप असेल तर मोठ्या सरीत पाणी वाट्याच्या, म्हणजे कठड्याच्या बुडाशी भरलेल्या तिरक्या मालाच्या, वर चढणारच. मग वाटा कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. तोंडावर चपटी जाळी असेल तर ती काढून घुमटाच्या आकाराची बसवा. चपटी जाळी बदामाचं एक पान झाकतं.

वाटा

गच्ची आणि कठडा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात गवंडी तिरका, थोडा गोलसर माल भरतात, तो वाटा. कठड्याची भिंत आणि स्लॅब वेगवेगळे तापतात, वेगवेगळे हलतात, म्हणून हा सांधा सुटतो. वरून धड दिसला तरी हातोडीच्या दांड्याने ठोकत चला. भरीव टकटक आणि पोकळ ढपढप यातला फरक कानाला लगेच कळतो. पोकळ तेवढाच भाग फोडायचा, सगळा वाटा काढायची गरज नाही.

पूर्ण वाटा नव्याने करायचा झाला तरी खर्च फार नाही. तीन इंची वाट्याला दर दहा फुटांमागे साडेआठ लिटर माल लागतो. एका गोणीत, वाया जाणारं धरून, शंभर फूट वाटा होतो. वीस बाय पंचवीस फुटांच्या गच्चीची चारही बाजूंची लांबी नव्वद फूट. म्हणजे एक गोणी सिमेंट, तीन गोण्यांच्या मापाची वाळू आणि पाच लिटर एसबीआर. जुना वाटा काढल्यावर कोपऱ्यातली धूळ फुंकून नाही, धुऊन काढा. रबडी लावा आणि थापीने माल दाबून भरा. वरची कड कठड्याच्या प्लास्टरमध्ये अर्धा इंच खाच काढून आत घ्या. ही खाच घ्यायचा गवंड्यांना कंटाळा असतो. खाच नसली की कठड्यावरून ओघळणारं पाणी वाट्याच्या पाठीमागे उतरतं. पहिले दोन-तीन दिवस ओलं गोणपाट घालून ठेवा, मग तसंच वाळू द्या.

कठड्याचा माथाही तेव्हाच बघून घ्या. माथा सपाट असेल आणि त्यावर आडव्या भेगा असतील तर पाणी भिंतीच्या पोटातून उतरतं आणि छताच्या कोपऱ्यात निघतं. मग सगळे गच्चीला दोष देतात. माथ्याला आतल्या बाजूला थोडा उतार द्या. फटीत पिंपळ-उंबराचं रोप असेल तर दोन-चार पानांचं असताना पाऊस पडून गेल्यावर मुळासकट उपटा. नुसतं कापलं तर मूळ जाड होत जातं. बुंध्यात हिंग भरण्याच्या उपायावर फार विसंबू नका.

बोल्ट, खुंट्या, अँटेना

डिश अँटेना, सोलर हीटरचं स्टँड, कपड्यांच्या दोरीचे हूक. बसवणारा माणूस ड्रिल घेऊन येतो, चार भोकं पाडतो आणि दहा मिनिटांत निघून जातो. त्यातलं प्रत्येक भोक कोब्यात जातं, कधी स्लॅबपर्यंतही. बोल्ट काढा, भोक रुंद करून धुवा आणि वरच्याच मालाने भरा. स्टँड परत बसवताना दीड-दोन फूट लांबी-रुंदीचे काँक्रीटचे पसरट ठोकळे ओतून त्यावर बसवा, गच्चीला भोक पाडू नका. वारा जास्त असेल तिथे ठोकळा मोठा करा. कपड्यांच्या दोरीचे हूक कठड्याच्या उभ्या अंगाला हलवा.

कुंड्या आणि बांधलेले वाफे

बाग ठेवायची आणि गच्ची कोरडी ठेवायची, दोन्ही जमतं. अट एकच, कुंडीच्या बुडाखालून हवा खेळली पाहिजे. थेट कोब्यावर ठेवलेल्या कुंडीखाली बाराही महिने ओल राहते, शेवाळ धरतं, आणि जास्वंदीसारख्या झाडाचं मूळ भोकातून बाहेर पडून फरशीच्या सांध्यात शिरतं. कुंडी हलवायला गेलं की चिकटून बसलेली असते. ओढली की सांध्यातलं सिमेंट मुळाबरोबर वर येतं. कुंडीखाली दोन विटा किंवा फरशीचे तीन तुकडे पुरे. ताटली ठेवायची तर त्यातलं पाणी ओतून टाका, नाहीतर डास होतील.

वजनाचा हिशेब कुणी करत नाही. वापरातल्या गच्चीचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला दीडशे किलो भार धरून काढलेला असतो. बारा इंची कुंडी भिजल्यावर वीस किलोच्या आसपास जाते. एका चौरस मीटरमध्ये आठ कुंड्या खेटून ठेवल्या की मर्यादा संपली. माणसांचं वजन अजून धरलेलंच नाही. मोठ्या कुंड्या आणि ड्रम खालच्या भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेवर ठेवा, खोलीच्या मध्यावर नको. मातीत निम्मं कोकोपीट आणि कंपोस्ट मिसळलं तर वजन बरंच उतरतं.

कठड्याला लागून विटांनी बांधलेला मातीचा वाफा मात्र मुळावर येतो. वाटा मातीखाली गाडला जातो, ओल कायम राहते आणि दुरुस्तीला जागाच उरत नाही. असा वाफा असेल आणि त्याच बाजूला खाली ओल असेल, तर दुसरं काही शोधत बसू नका. माती काढा, विटा काढा, वाटा दुरुस्त करा आणि तीच माती सिमेंटच्या जुन्या पिशव्यांमध्ये भरून विटांवर ठेवा. बांधीव तुळशी वृंदावनालाही हेच लागू आहे. त्याच्या तळाला बाहेर निघणारी अर्धा इंची नळी नसेल तर भोक पाडून बसवा.

पाणी भरून खात्री

दुरुस्त्या झाल्या की पाणी साठवून बघा. सगळी गच्ची एकदम भरायची नाही. मातीचे दोन-तीन इंची बांध घालून शंभर-शंभर चौरस फुटांचे भाग करा, पाइपाच्या तोंडात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कापडी बोळा घाला आणि दोन सेंटिमीटर पाणी भरा. एका भागाला १८५ लिटरच्या आसपास लागतं. टंचाईच्या गावात तेच पाणी बांध फोडून पुढच्या भागात सोडा. चोवीस तास थांबा, कोबा जाड असेल तर अठ्ठेचाळीस. तेवढ्या वेळात खाली काही दिसलं नाही तरच पुढचा भाग घ्या. नाहीतर कुठल्या पाण्याने ओल आली ते कळणार नाही. पाण्यात कपड्यांची नीळ घालून बघतात, पण कोबा रंग गाळून घेतो. निळं पाणी खाली आलं तर नक्की, नाही आलं तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. सळया गंजलेल्या स्लॅबवर पाणी भरू नका, वजनाची जोखीम घ्यायची नाही. मेमध्ये वळवाचा पाऊस पडला तर तीही चाचणीच आहे, त्या दिवशी घरी थांबा.

भेगा आणि कोटिंग

केसाएवढ्या स्थिर भेगेला छिन्नीने व्ही आकाराची एक सेंटिमीटर खाच करून वरच्याच पद्धतीने भरा. भेग हलते का, ते कळायला तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा, आणि तिच्यावर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची बोटभर पट्टी लावा. महिन्याभरात पट्टी तडकली तर भेग हलती आहे, तिथे सिमेंट टिकणार नाही, सीलंटच लागेल.

यानंतरही पैसे उरले तर कोटिंग. आधी शेवाळ काढायचं. दहा लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम ब्लीचिंग पावडर, पंधरा-वीस मिनिटं ठेवून कडक ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. कुंड्या आधी बाजूला करा. बाथरूमचं अ‍ॅसिड वापरू नका, ते सिमेंट खातं, आणि ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरिन वायू निघतो. कोबा आतून सुकायला वेळ लागतो, म्हणून हे काम मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंतच. ओल्या कोब्यावर मारलेल्या कोटिंगला उन्हात फोड येतात, कारण आतलं पाणी वाफ होऊन वर ढकलतं. पहिला हात उभा, दुसरा आडवा. वाट्यावर आणि पाइपाभोवती पहिल्या ओल्या हातावर फायबरग्लासची जाळी दाबा. डब्यावर छापलेलं क्षेत्रफळ गुळगुळीत पृष्ठभागासाठी असतं, खडबडीत कोब्यावर तेवढं भरत नाही. ते भरवायला पाणी घालून पातळ केलेला हात एका वर्षात उडतो.

डांबर ओतायचा मोह होतो, स्वस्त पडतं म्हणून. उन्हात मऊ होतं, थंडीत तडकतं आणि पुढे तिथे दुसरं काहीच चिकटत नाही. चुन्याचा पांढरा हात खोली थंड ठेवायला चांगला, पण पाणी अडवत नाही.

सोसायटीत वरच्या मजल्यावर राहत असाल तर हा खर्च आपल्या खिशातून सुरू करू नका. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. डागांचे तारीखवार फोटो आणि वर सांगितलेली घड्याळाची टिपणं जोडून सचिवांना पत्र द्या, पोच घ्या.

ऐन पावसात गळायला लागलं तर ताडपत्री. ती विटांनी दाबून ठेवली तर वाऱ्याने पाणी खालून शिरतं आणि मग वाळतही नाही. वरची कड कठड्याच्या माथ्यावरून पलीकडे घ्या, पट्टीने आवळा आणि खालची कड पाइपाच्या तोंडाच्या अलीकडे सोडा. चार दिवस उघडीप मिळाली की ताडपत्री काढून कोब्याला ऊन लागू द्या.

खोलीच्या आतल्या छताचा रंग सगळ्यात शेवटी, आणि तोही एक पावसाळा कोरडा गेल्यावर. आतून वॉटरप्रूफ रंग लावला तर पाणी वरून येतच राहतं, फक्त रंगाच्या पाठीमागे साठतं आणि एक दिवस प्लास्टरचा पापुद्रा घेऊन खाली येतं. ऑक्टोबरमध्ये सुटलेलं प्लास्टर पटाशीने काढा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा. ओला केला तर क्षार परत आत जातात. ते दिवाळीपर्यंत तसंच उघडं राहू द्या.